पाऊस ठरवणारा वारा वर-खाली वाहतो

आषाढात सोलापूरच्या आभाळात ढगांना तोटा नसतो. पश्चिमेकडून येतात, केगाववरून शहरात शिरतात आणि होटगीच्या अंगाने पुढे निघून जातात. दिवस दिवस हेच चालतं. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडावं तर अख्खा जिल्हा पांढरा दिसतो आणि अंगणातली धूळसुद्धा बसत नाही. पुढे उत्तरा-हस्ताच्या दिवसांत दुपारपर्यंत चांगलं ऊन असतं, तीन-चारच्या सुमारास बार्शीकडे नाहीतर अक्कलकोटकडे एक ढग उंच उंच चढत जातो आणि तासाभरात ओढे भरून वाहतात. सोलापूरचा सर्वांत जास्त पावसाचा महिना जुलै नव्हे, सप्टेंबर.

दोन्ही वेळा हवेत बाष्प असतं, दोन्ही वेळा ढग असतात. वेगळी असते ती हवेची उभी चाल. जमिनीलगतची हवा वर किती वेगाने चढते, किती वेळ चढत राहते आणि कुठल्या उंचीवर थांबते, यावर ढगाचा पाऊस होणार की नुसती सावली पडणार हे ठरतं. आपण वारा म्हणतो तो आडवा वाहणारा. हवामानशास्त्राला जास्त सतावतो तो हा उभा वारा, कारण तो मोजायला फार अवघड आहे. गेल्या पन्नास वर्षांत तो थेट मोजण्याचं एक साधन हाताशी आलं: आभाळाकडे तोंड करून ठेवलेलं रडार. ते काय पाहतं आणि कसं पाहतं, हे या लेखात सांगायचं आहे. आपल्याकडच्या पावसाबद्दल रोज जे बोललं जातं, त्यातला बराच गोंधळ हे समजलं की सुटतो.

आधी ही चाल किती लहान असते ते पाहू. हजारो किलोमीटर पसरलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रात हवा वर चढते ती सेकंदाला एक-दोन, फार तर काही सेंटिमीटर वेगाने. त्याच वेळी आडवा वारा सेकंदाला दहा-पंधरा मीटर असतो, म्हणजे काही शे पट जास्त. पण सेकंदाला ५ सेंटिमीटर हा वेग चोवीस तास टिकला तर हवा सव्वाचार किलोमीटर वर पोचते. एवढी चढण आभाळ पूर्ण झाकायला पुरेशी आहे. याउलट मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या काळ्या रानावरून गरम हवेचे झोत सेकंदाला एक ते तीन मीटरने वर उठतात. घारी पंख न हलवता ज्यावर चढत जातात, ते हेच झोत. वावटळीत ते धुळीमुळे डोळ्यांना दिसतात. आणि वादळी ढगाच्या पोटात वर जाणारी हवा सेकंदाला दहा-वीस मीटरचा वेग सहज गाठते.

म्हणजे एकाच आभाळात, एकाच दुपारी, एक सेंटिमीटरपासून वीस मीटरपर्यंतच्या उभ्या चाली नांदतात. त्यातल्या जोरकस चाली एखाद-दोन किलोमीटर रुंदीच्या आणि अर्ध्या तासाच्या आयुष्याच्या असतात. गच्चीवरचं कटोऱ्यांचं वारामापक यंत्र यातलं काही सांगत नाही, ते आडव्या वाऱ्यासाठी बनलेलं आहे. हवामान खात्याचा फुगा सेकंदाला सुमारे ५ मीटरने वर जातो. भोवतालची हवा १० सेंटिमीटरने वर सरकत असेल तर ती फुग्याच्या स्वतःच्या चढण्यात हरवून जाते. शिवाय फुगा दिवसातून दोनदा सुटतो, ढग त्याच्यासाठी थांबत नाही.

वर चढण्याला एवढं महत्त्व का, हे दोन ओळींत सांगता येतं. वर दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते आणि फुगताना थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. एका उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात, त्या वेळी बाष्पात दडलेली उष्णता बाहेर पडते, थंड होण्याचा दर निम्म्यावर येतो आणि हवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहून आणखी वर धावते. खाली उतरणाऱ्या हवेचं सगळं उलट: ती तापते, कोरडी होते, ढग विरतो. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला वारा डोंगर चढतो आणि महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. तोच वारा माथा ओलांडून पूर्वेला उतरतो आणि सोलापूरच्या वाट्याला सहाशे-सातशे मिलिमीटर येतात. शिवाय आषाढात जमिनीपासून दीड किलोमीटरच्या आसपास पश्चिमेचा वारा एवढा जोरात वाहतो की उठू पाहणारे छोटे ढग उभे राहण्याआधीच तिरके होऊन फाटतात. ढग पळतात आणि पडत नाहीत, त्यामागे हे दोन्ही आहे.

उष्ण कटिबंधात ही अडचण आणखी मोठी. युरोपात थंड हवेचा पट्टा आणि गरम हवेचा पट्टा एकमेकांना भिडतात, तापमानाच्या नकाशावरून हवा कुठे चढत असेल याचा बऱ्यापैकी हिशोब मांडता येतो. आपल्याकडे शे-दोनशे किलोमीटरमध्ये तापमानात फारसा फरकच नसतो. नकाशावरून हिशोब जमत नाही. आणि ऊर्जेची खरी वाहतूक तर मोजक्याच उंच ढगांतून होते. १९५८ मध्ये हर्बर्ट रील आणि जोआन माल्कस या हवामानशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की विषुववृत्ताजवळच्या साऱ्या पट्ट्यातली उष्णता वर पोचवायला कोणत्याही वेळी दीड ते पाच हजार उंच वादळी ढग पुरतात. पृथ्वीच्या घेराच्या मानाने हे मूठभर. त्या मूठभर ढगांच्या गाभ्यात काय चाललंय ते कळल्याशिवाय मॉन्सूनचं गणित पुरं होत नाही.

ॲपवरचं रडार काय दाखवतं

आता रडारकडे येऊ. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मोबाइलवर जी हिरवी-पिवळी-लाल चित्रं आपण पाहतो, ती पावसाच्या थेंबांची असतात. हवा त्यात दिसत नाही. ही रडार पाच किंवा दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरतात. थेंब या लहरींच्या मानाने खूप छोटा, आणि छोट्या थेंबाकडून परतणारी ऊर्जा त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. दोन मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या चौसष्ट थेंबांएवढा चमकतो. ढगातला कोवळा थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, त्याची चमक एक मिलिमीटरच्या थेंबाच्या तुलनेत पंधराशे कोटी पटींनी कमी. म्हणून नुकताच बनत असलेला, हवा वर खेचत असलेला ढग या रडारला जवळपास दिसतच नाही. तो दिसतो तेव्हा पाऊस तयार झालेला असतो.

त्यात अंतराची भर. हैदराबादच्या रडारपासून सोलापूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे, मुंबई त्याहून लांब. अर्ध्या अंशाने वर उचललेला किरण पावणेतीनशे किलोमीटर सरळ जातो, पृथ्वी मात्र त्याच्याखाली वळत जाते, आणि सोलापूरवर पोचेपर्यंत तो सहा किलोमीटरपेक्षा जास्त उंचीवर असतो. खालचा अख्खा पाऊस त्याच्या खालून निसटतो. ‘रडारवर काहीच नव्हतं आणि इथे पाणी झालं’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा रडार बिघडलेलं असण्याची गरज नसते.

डॉप्लर रडार वेगसुद्धा मोजतं हे खरं, पण तो थेंबांचा वेग. दोन मिलिमीटरचा थेंब हवेतून सेकंदाला साडेसहा मीटरने पडतो. हवा त्याच वेळी चार मीटरने वर चढत असेल तर तो थेंब जमिनीकडे अडीच मीटरनेच येताना दिसेल. नुसत्या अडीचच्या आकड्यावरून सांगा बरं, मोठा थेंब चढत्या हवेत आहे की बारीक थेंब शांत हवेत? सांगता येत नाही. उभ्या वाऱ्याचा शोध इथे अडतो. थेंब वगळून नुसत्या हवेचा वेग मोजता आला तरच पुढे जाता येतं.

नुसत्या हवेतून परतणारी लहर

स्वच्छ, निरभ्र हवेत रेडिओलहर कशावर आदळून परत येणार? हवा सगळीकडे सारखी असती तर कशावरच नाही. पण हवा कधीच सारखी नसते. तिच्यात लहान-मोठे भोवरे सतत फिरत असतात, ते ओलसर हवेत कोरडी आणि गरम हवेत गार हवा कालवतात. त्यामुळे हवेचा अपवर्तनांक, म्हणजे लहरीचा वेग ठरवणारा गुण, जागोजागी अगदी किंचित बदलतो. हा बदल लाखात काही भाग एवढाही नसतो. तरी त्याने लहरीचा अत्यल्प अंश विखुरतो आणि काही भाग मागे फिरतो. उष्ण कटिबंधात खालच्या काही किलोमीटरमध्ये या बदलाचं मुख्य कारण बाष्प असतं. आपली दमट हवा या कामाला फार सोयीची आहे.

मागे फिरणाऱ्या या कणभर ऊर्जेचा आवाका वाढतो तो एका नियमाने. हवेतल्या चढ-उतारांचं एकमेकांपासूनचं अंतर लहरीच्या लांबीच्या बरोबर निम्मं असेल, तर त्यांच्यावरून परतणाऱ्या सगळ्या लहरी एका तालात येऊन पडतात. रथाचा दोर शंभर जणांनी आपापल्या सवडीने ओढला तर चाक हलत नाही, एका हाकेसरशी ओढला तर रथ निघतो, तसंच. इतर आकाराचे भोवरे हवेत असतातच, पण त्यांच्या परतलहरी एकमेकींना खोडून काढतात. म्हणून रडारची लहर किती लांब, त्यावर ते कोणत्या आकाराचे भोवरे पाहणार हे ठरतं.

यातून पुढचा प्रश्न सुटतो: एवढी प्रचंड अँटेना कशासाठी? तिरुपतीजवळ गादंकी इथे, राष्ट्रीय वायुमंडलीय संशोधन प्रयोगशाळेच्या आवारात, भारताचं एमएसटी (मेसोस्फिअर, स्ट्रॅटोस्फिअर, ट्रोपोस्फिअर या वातावरणाच्या तीन थरांकडे पाहणारं) रडार आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते चालू आहे आणि मुंबईच्या समीर या संस्थेने ते उभारलं. ते ५३ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लहर साडेपाच मीटरपेक्षा थोडी जास्त लांब आणि ते पाहतं ते भोवरे पावणेतीन-तीन मीटरच्या घरातले. हवा जसजशी विरळ होत जाते तसतसे बारीक भोवरे तिच्या चिकटपणात विरून जातात. उंचावर मोठेच उरतात आणि ते पाहायला लांब लहर लागते. लांब लहर बारीक किरणात बांधायची तर अँटेनाही तेवढी पसरट हवी. गादंकीत १३० मीटर गुणिले १३० मीटर जागेत १०२४ अँटेना, बत्तीसच्या बत्तीस ओळींत उभ्या आहेत. मूळ रचनेत त्या सगळ्या मिळून क्षणभरासाठी २५ लाख वॅटपर्यंतचा झोत आभाळात सोडत. यातली एकही अँटेना फिरत नाही. प्रत्येकीला लहर किंचित मागे-पुढे दिली की किरण आपोआप हव्या त्या बाजूला कलतो.

या विद्येची सुरुवात पेरू देशात झाली. लिमाजवळच्या हिकामार्का वेधशाळेतलं सुमारे ५० मेगाहर्ट्झचं रडार मुळात आयनमंडलाच्या, म्हणजे वातावरणातल्या खूप वरच्या विद्युतभारित थराच्या, अभ्यासासाठी बांधलेलं. अँटेना तीनशे मीटर लांब, तीनशे मीटर रुंद. तिथे रोनाल्ड वुडमन आणि आल्बेर्तो गिलेन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की खालच्या, निरभ्र हवेतूनही मोजता येण्याजोगी परतलहर येते आणि तिच्यावरून वारा कळतो. गोंगाट म्हणून जे बाजूला टाकलं गेलं असतं, त्यातून एक नवं शास्त्र उभं राहिलं. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं.

महाराष्ट्रात पुण्याच्या पाषाण भागात ४०४ मेगाहर्ट्झचं असं उभं रडार हवामान खातं आणि समीर यांनी मिळून उभारलं. त्याला वाऱ्याचा छेद घेणारं यंत्र, विंड प्रोफायलर, म्हणतात. त्याची लहर पाऊण मीटरची, म्हणून ते सदतीस सेंटिमीटरच्या आसपासचे भोवरे पाहतं आणि त्याची अँटेना कितीतरी लहान जागेत मावते. त्याची धाव खालच्या काही किलोमीटरपुरती. पाऊस सुरू झाला की अशा आखूड लहरीच्या रडारला थेंब जास्त ठळक दिसतात आणि हवा मागे पडते. गादंकीसारख्या लांब लहरीच्या रडारला मात्र पाऊस आणि हवा दोन्ही एकाच वेळी दिसतात. या एका गुणामुळे ते वादळी ढगांच्या अभ्यासात फार मोलाचं ठरलं.

दहा सेंटिमीटर कसे मोजतात

इथे थोडा हिशोब करू, कारण या विषयाचं सगळं सौंदर्य या हिशोबात आहे.

रडार एक अगदी छोटी पल्स, म्हणजे लहरींचा क्षणिक ठोका, वर सोडतं आणि गप्प बसून ऐकतं. परतलहर किती वेळाने आली त्यावरून उंची कळते. दहा किलोमीटरवरून जाऊन-येऊन सेकंदाचा पंधरा हजारावा भाग लागतो. पल्स सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी असेल तर हवेचा १५० मीटर जाडीचा थर वेगळा ओळखता येतो. असे एकावर एक शंभरेक थर एकाच वेळी पाहिले जातात.

वेग कळतो तो वारंवारतेतल्या फरकावरून. हवा वर चढत असेल, म्हणजे रडारपासून दूर जात असेल, तर परतलेली वारंवारता सोडलेल्यापेक्षा थोडी कमी असते. किती कमी? गादंकीचं रडार सेकंदाला ५ कोटी ३० लाख कंपनं सोडतं. हवा सेकंदाला १० सेंटिमीटरने चढत असेल, तर परतताना फरक पडतो एका कंपनाच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढा. दुसऱ्या शब्दांत, एक पूर्ण कंपनाचा फरक साचायला अठ्ठावीस सेकंद लागतात. म्हणून रडारला त्या थराकडे किमान तेवढा वेळ एकटक पाहावं लागतं. सेकंदाला हजाराच्या घरात पल्स जातात, त्यांच्या परतलहरी एकमेकींत मिळवल्या जातात. हे मिळवणं दुसऱ्या कारणासाठीही लागतं: हवेकडून येणारी परतलहर इतकी क्षीण असते की आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ गोंगाटात ती बुडालेली असते. गोंगाट यादृच्छिक असल्याने बेरजेत फारसा वाढत नाही, हवेची खूण मात्र वाढत जाते आणि डोकं वर काढते.

एवढं करूनही एक घोटाळा उरतो. किरण अगदी सरळ उभा असायला हवा. तो एक अंशाने जरी कलला आणि वर सेकंदाला २० मीटरचा आडवा वारा असला, तर त्या वाऱ्याचा ३५ सेंटिमीटर हिस्सा उभ्या वेगात मिसळतो. आपण मोजायला निघालो होतो दहा सेंटिमीटर! मॉन्सूनमध्ये भारतीय द्वीपकल्पावर चौदा-सोळा किलोमीटर उंचीला पूर्वेकडून येणारा झोतवारा सेकंदाला तीस-चाळीस मीटर वेगाने वाहतो. तिथे अंशाच्या दहाव्या भागाचा कलही सात सेंटिमीटरची चूक करतो. आणि किरण सरळ असला तरी हवेचे थर आडवे, सपाट असतातच असं नाही. ते कललेले असतील तर लांब लहर थराला काटकोनात परतते, उभी परतत नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे लक्षात आली. वेगवेगळ्या ठिकाणच्या अशा रडारांनी महिनोन्‌महिने घेतलेल्या मोजमापांची सरासरी काढली तर निरभ्र हवा सतत काही सेंटिमीटरने खाली येताना दिसायची. खरोखर तसं असतं तर वरची हवा केव्हाच संपली असती. १९९४ मध्ये नॅस्ट्रॉम आणि व्हॅनझँड या संशोधकांनी त्यामागचं एक कारण मांडलं. हवेतून खालून वर जाणाऱ्या लाटा असतात, डोंगरांवरून आणि वादळांतून निघणाऱ्या. अशा लाटेत हवा काही मिनिटं वर आणि काही मिनिटं खाली हलते. हवा खाली येत असलेल्या टप्प्यात तिची परतलहर थोडी जास्त बळकट असते, वर जाताना थोडी क्षीण. सरासरीत बळकट परतलहरीला जास्त वजन मिळतं आणि आकडा खाली झुकतो. म्हणून आजही अनुभवी मंडळी उभ्या वाऱ्याच्या दीर्घ सरासरीपेक्षा त्याच्या मिनिटागणिक चढ-उतारावर जास्त भरवसा ठेवतात. मला हे योग्य वाटतं. यंत्र कुठे खरं बोलतं आणि कुठे झुकतं हे ज्याला माहीत आहे, त्याच्याच हातात ते यंत्र शोभतं.

ढगाच्या आत

आता या मेहनतीचं फळ. लांब लहरीचं रडार डोक्यावरून वादळी ढग जाताना जी नोंद काढतं, तिच्यात प्रत्येक उंचीवर दोन वेगळे उंचवटे दिसतात: एक हवेचा, दुसरा थेंबांचा. हवेचा उंचवटा सांगतो हवा कशी हलतेय. दोघांतलं अंतर सांगतं थेंब हवेतून किती वेगाने पडताहेत, आणि त्यावरून थेंबांचे आकार कळतात. जपानच्या शिगाराकी इथल्या एमयू रडारवर १९८०च्या दशकात ही पद्धत आकाराला आली. वर विचारलेल्या अडीच मीटरच्या कोड्याचं उत्तर इथे मिळतं. दोन अज्ञात होती, आता दोन मोजमापं आहेत.

वादळी ढगाची पुढची बाजू डोक्यावर येते तेव्हा हवा जोरात वर जाताना दिसते, आणि उष्ण कटिबंधातल्या खोल ढगांत हा वेग पुष्कळदा आठ-दहा किलोमीटरच्या वर सर्वांत जास्त असतो. वर पाण्याचं बर्फ होताना आणखी उष्णता सुटते आणि हवेला जास्तीचा जोर मिळतो, हे त्याचं एक कारण. काही वेळाने चित्र पालटतं. जोरदार सरी थांबतात, आभाळ एकसारखं राखाडी होतं, संथ पाऊस लागून राहतो. पावसाळ्यात हे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. या टप्प्यात सुमारे पाच किलोमीटर उंचीवर रडारवर एक चमकदार पट्टा उमटतो. तिथे बर्फाचे पापुद्रे वितळतात, त्यांच्यावर पाण्याचा थर चढतो आणि ते मोठ्या थेंबांसारखे चमकतात. पट्ट्याच्या वर ते सेकंदाला एक-दोन मीटरने तरंगत येतात, खाली थेंब होऊन सहा-आठ मीटरने कोसळतात. आणि हवा? पट्ट्याच्या वर ती हळूहळू चढत असते, खाली हळूहळू उतरत असते, दोन्हीकडे फार तर काही दहा सेंटिमीटरने. डोक्यावर एकच ढग दिसतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरची हवा उलट दिशांना चाललेली असते.

याचा अर्थ फक्त शास्त्रज्ञांपुरता नाही. पहिल्या प्रकारचा ढग हवा खालून वर खेचतो, दुसरा मधल्या उंचीवर भोवतालची हवा ओढतो. पुढच्या काही तासांत नवं वादळ उठणार की नाही, हे त्यावरून बदलतं. हवामानाचं संगणकीय प्रारूप काही किलोमीटरचे चौकोन आखून गणित करतं. एखाद-दीड किलोमीटर रुंदीचा चढता झोत त्या चौकोनात मावत नाही, त्याचा परिणाम अंदाजाने धरावा लागतो. तो अंदाज खऱ्या हवेशी जुळतो का हे तपासायला उभ्या रडारच्या नोंदींसारखा दुसरा आधार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेली प्रणाली काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून थेट आपल्यापर्यंत आली आणि सोलापूर-पंढरपूर पट्ट्यात हाहाकार उडाला. अशा वेळी तालुक्या-तालुक्याचा पाऊस आधी सांगता यावा अशी अपेक्षा रास्तच आहे. त्या अपेक्षेची वाट या उभ्या झोतांच्या नीट आकलनातूनच जाते.

उभ्या रडारची मर्यादाही तितकीच खरी: त्याला डोक्यावरचा एकच खांब दिसतो. शेजारच्या शिवारात ढग फुटला तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून सगळीकडे पाहणारं फिरतं रडार आणि एकाच जागी खोल पाहणारं उभं रडार ही एकमेकांची उणीव भरून काढतात. एकाला दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

सोलापूरचा प्रयोग

आपल्या शहराचा या विषयाशी थेट संबंध आला तो कायपीक्स या मोहिमेमुळे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची, म्हणजे आयआयटीएमची, ही ढगांच्या अभ्यासाची मोहीम २००९ मध्ये सुरू झाली. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात तिचा चौथा टप्पा सोलापूर हे केंद्र धरून झाला. पर्जन्यछायेतला प्रदेश म्हणूनच सोलापूर निवडलं गेलं. पाच सेंटिमीटर लहरीचं, म्हणजे सी-बँड, रडार इथे बसवलं, भोवताली पर्जन्यमापकांचं दाट जाळं पसरलं आणि दोन संशोधन विमानं ढगांत गेली.

गावात त्याची चर्चा ‘कृत्रिम पाऊस’ एवढीच झाली. प्रत्यक्षात विमानाने काय केलं ते वरचं सगळं वाचल्यावर सहज कळेल. वैमानिकाला ढगाच्या तळाशी जाऊन हवा कुठे वर चढतेय ते शोधायचं होतं. चढता झोत सापडला की तिथे कॅल्शियम क्लोराइडच्या नळ्या पेटवायच्या. त्या धुरातले मिठाचे कण पाणी ओढून घेतात, त्यांच्याभोवती नेहमीपेक्षा थोडे मोठे थेंब बनतात, मोठे थेंब लहानांना गिळत पडतात. पण हे कण ढगात वर नेण्याचं काम हवेचंच. झोत नसेल तर कण तळाशीच विखरून जातात. जगातली कोणतीही नळी हवेला वर ढकलत नाही. आषाढातल्या त्या पळत्या, फाटक्या ढगांत मीठ सोडून पाऊस का मिळत नाही, याचं उत्तर एवढंच आहे, आणि दुष्काळी वर्षात ही मागणी जोर धरते तेव्हा ते स्पष्टपणे सांगायला हवं.

प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण २७६ ढगांचा अभ्यास झाला, त्यातल्या काहींत बीजारोपण केलं, म्हणजे असे मिठाचे कण सोडले, आणि काही तुलनेसाठी तसेच सोडले. कोणत्या ढगात करायचं हे आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलं. बीजारोपणाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी सुमारे १८ टक्के वाढला, काही जागी ही वाढ ४६ टक्क्यांच्या आसपास होती. हे आकडे योग्य त्या ढगांचे आहेत. कुठल्याही ढगाला ते लावता येत नाहीत.

चिठ्ठी का टाकावी लागली, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन ढग बाहेरून अगदी सारखे दिसले तरी एकाच्या पोटात हवा सेकंदाला तीन मीटरने चढत असते आणि दुसऱ्याच्या पोटात अर्ध्या मीटरने. पहिला आपणहून बरसणार होता, दुसरा विरणार होता. वैमानिकाने चांगला दिसतो म्हणून पहिल्यात नळी पेटवली असती, तर पाऊस मिठाने पाडला की झोताने, हे कोणालाच सांगता आलं नसतं. ढगांची संख्या मोठी घेतली आणि निवड नशिबावर सोडली की जोरदार झोताचे ढग दोन्ही गटांत वाटले जातात. तरीही प्रत्येक ढगातला उभा वारा मोजलेला असेल तर हीच तुलना कितीतरी कमी ढगांत आणि जास्त खात्रीने करता येते. विमान ढगातून एका रेषेत जातं आणि मिनिटाभरात बाहेर पडतं. डोक्यावरून ढग जाताना तळापासून माथ्यापर्यंत सलग मोजत राहणारं साधन जमिनीवरच लागतं.